प्रवाळातलं सफाई केंद्र कसं शोधावं, कसं पाहावं

लक्षद्वीप किंवा अंदमानला स्नॉर्केलिंग करताना माशांच्या मागे पोहत फिरू नका. क्लीनर रॅस या बोटाएवढ्या माशाचं ठिकाण शोधा. तेच सफाई केंद्र: अंगावरचे परजीवी काढून घ्यायला बाकीचे मासे गिऱ्हाइकांसारखे आपणहून तिथे येतात.

१. सकाळी, वारा पडलेला असताना उतरा. पावसाळा टाळाच. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना आधीच काढावा लागतो.

२. लगूनच्या, म्हणजे बेटाजवळच्या उथळ, शांत पाण्यातल्या वाळूत एकटाच उभा असलेला प्रवाळाचा मोठा गड्डा हेरा. त्याच्या कडेने निळसर-पांढरा मासा दिसेल, डोळ्यातून शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा असलेला. तो अंग वरखाली हलवत, हेलकावे घेत पोहतो. असाच दिसणारा ब्लेनी नावाचा एक तोतया मासाही असतो. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तो सफाईऐवजी परांचे लचके तोडतो.

३. दोन-तीन मीटरवर पालथे तरंगत राहा. पाय टेकू नका, पायातले फिन जोरात मारू नका. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पण तुम्ही हललात की गिऱ्हाईक पळालंच!

४. आता गिऱ्हाइकांकडे पाहा. हेकरू (ग्रूपर) हा मोठा शिकारी मासा येतो, जबडा उघडतो, कल्ले फाकवतो आणि स्तब्ध राहतो. रॅस थेट त्याच्या तोंडात शिरतो. एरवी एका घासात गिळला असता, पण हेकरू तोंड मिटत नाही. रॅस त्याच्या अंगावरचे रक्तपिपासू परजीवी टिपतो. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळच्या अभ्यासात एक रॅस दिवसाला सुमारे 1,200 परजीवी खातो असं आढळलं. त्याला खरी आवड मात्र माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची. गिऱ्हाईक मध्येच दचकलं, तर समजा रॅसने लबाडी करून त्या थराचा लचका तोडला.

५. एकाहून जास्त रॅस दिसले तर सर्वांत मोठा बहुधा नर असतो, बाकीच्या माद्या. नर गेला की त्यांतली सर्वांत मोठी मादी काही तासांत नरासारखी वागू लागते आणि काही आठवड्यांत नर होते.

हा मासा घरच्या टाकीसाठी विकत घेऊ नका. तिथे त्याला पुरेसं खाणं मिळत नाही, आणि समुद्रातली त्याची जागा रिकामी पडते. त्याच लिझर्ड बेटाजवळ काही छोट्या प्रवाळखडकांवरून साडेआठ वर्षं रॅस हटवले, तेव्हा तिथले रहिवासी मासे इतर खडकांच्या मानाने 37 टक्क्यांनी कमी भरले.

सापडलेला खडक लक्षात ठेवा. रॅस सहसा जागा सोडत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शोधाशोध न करता थेट तिथेच उतरा.