न्यू जर्सीत कम्युनिटी डूला म्हणून काम करताना

डूलाचे काम, म्हणजे गरोदरपणात, प्रसूतीवेळी आणि नंतरही बाईला सोबत व आधार देण्याचे काम, शिकू पाहणाऱ्या बहुतेक जणींच्या डोळ्यांसमोर प्रसूतिकक्षच असतो. तो भाग महत्त्वाचा आहेच. पण न्यूअर्क आणि आसपासच्या वस्त्यांत हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, बाईला आपली सर्वांत जास्त गरज ती बाळाला घेऊन घरी आल्यानंतरच्या आठवड्यांत असते, आणि नव्याने येणारीने तयारीही त्याच बेताने करावी.

याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेत 2023 मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे 18.6 मातामृत्यू झाले. गोऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण 14.5, तर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये 50.3 होते. 2017 ते 2019 या काळातील गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंची राज्याराज्यांतील समित्यांनी छाननी केली, तेव्हा त्यांतील 80 टक्क्यांहून अधिक मृत्यू टाळता येण्याजोगे होते आणि निम्म्याहून अधिक प्रसूतीनंतर एक आठवडा ते एक वर्ष या काळात झाले होते, असे आढळले. ही दरी केवळ गरिबीची नाही. उच्चशिक्षित कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीतही ती कायम राहते.

डूला तपासणी करत नाही, औषध सुचवत नाही आणि बाईच्या वतीने निर्णयही घेत नाही. कळा चढू लागल्या की कमरेच्या दोन्ही बाजूंना तळहात लावून हाडे आत दाबून धरणे, बसण्याची ढब बदलायला सुचवणे, डॉक्टर काही सांगून गेले की 'अजून काही विचारायचे आहे का?' एवढेच विचारणे, असे ते काम असते. साधे वाटते, पण परिणाम मोजलेला आहे. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अहवालात) 17 देशांतील 15 हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती; सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियन कमी झाले आणि कळांचा काळ सरासरी सुमारे 40 मिनिटांनी आखडला.

कम्युनिटी डूला याच्या पुढे जाते. तिचे पैसे कुटुंबाच्या खिशातून जात नाहीत, ती शक्यतो त्याच वस्तीतली असते, आणि दवाखान्यात जायला गाडी कोणाची, रजा किती, घरी मदतीला कोण, हे तिला प्रसूतीच्या आधीच ठाऊक असते. गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा जो प्रयोग झाला, तो ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

घरभेटीत नेमके काय होते, याचा एक नमुना सांगते. बाळंतपणाला आठवडाही झाला नव्हता. डोके दुखते, झोप नाही म्हणून असेल, असे त्या मुलीचे म्हणणे होते. दवाखान्याने दिलेले रक्तदाबाचे यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोक्यातच पडून होते. तिने माझ्यासमोर पट्टा बांधला. वरचा आकडा 160 च्या पुढे गेला. त्याचा अर्थ लावणे माझे काम नव्हते, परंतु इतक्या दाबाला वाट पाहायची नसते हे आमच्या प्रशिक्षणात पक्के केलेले असते. आपत्कालीन सेवेशी बोलताना पहिले वाक्य 'मी नुकतीच बाळंत झाले आहे' हेच हवे, हे आम्ही सातव्या महिन्यातच घोकून ठेवले होते. ती स्वतः बोलली आणि पुढची सूत्रे भराभर हलली. नुसती 'डोकेदुखी' सांगितली असती तर रांगेत बसवले असते, असे मला आजही वाटते.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने ब्रुकलिनमध्ये 2010 पासून चालवलेल्या 'बाय माय साइड' कार्यक्रमात अकाली प्रसूतीचे प्रमाण 6.3 टक्के, तर त्याच भागातील इतर मातांमध्ये 12.4 टक्के आढळले. हा आकडा कामासाठीच्या मुलाखतीत जरूर सांगावा, पण जपून. स्वतःहून नाव नोंदवणाऱ्या स्त्रिया मुळातच थोड्या वेगळ्या असू शकतात, आणि तिथे सिझेरियनमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही.

आता व्यवहाराचे. न्यू जर्सीत जानेवारी 2021 पासून मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, डूलाचा खर्च देते, साधारणपणे 8 भेटी आणि प्रसूतीवेळची सोबत. त्यासाठी मान्य प्रशिक्षण, एनपीआय क्रमांक (आरोग्यसेवा देणाऱ्यांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि दायित्व विमा लागतो. बिलाचे पैसे हातात पडायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला संस्थेमार्फत काम करणे बरे. गरोदरपणाच्या 37 व्या आठवड्यापासून रात्री-अपरात्री फोन येऊ शकतो, तेव्हा आपल्या जागी जाऊ शकेल अशी दुसरी डूला आधीच ठरलेली हवी आणि त्या बाईशी तिची ओळखही झालेली हवी.

मराठी मुलींना एक स्पष्टपणे सांगते. एडिसन किंवा जर्सी सिटीत, भारतातून आई येऊ न शकलेल्या ओल्या बाळंतिणीला आपली भाषा आणि आपला आहार जाणणारी डूला मोलाची वाटते. न्यूअर्कमध्ये मात्र आपण बाहेरच्या. तिथे कृष्णवर्णीय किंवा स्पॅनिश बोलणारी स्थानिक डूला उपलब्ध असेल तर तिथली कुटुंबे तिच्याकडेच जावीत आणि आपण तिची पर्यायी सोबतीण व्हावे. एच-फोर व्हिसावर (एच-वन व्हिसाधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) असणाऱ्यांनी कामाचा परवाना हाती येईपर्यंत मोबदला घेऊ नये. विनामूल्य करायचे असले तरी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्यावे.