उतार तोच, बर्फ दुसराच: इंटरमिजिएट झालेल्यांनी अफरवटवर जाण्याआधी

ज्यांचा गुलमर्गला किंवा औलीला स्कीइंगचा बेसिक आणि इंटरमिजिएट कोर्स झालाय, पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेलं वळण) बऱ्यापैकी जमतो आणि आता ज्यांची नजर गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर नेणाऱ्या गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्नोप्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग आवरणं) कसा करायचा, बूट कसे आवळायचे, यात शिरत नाही. ‘परभणीत राहून हे कसले नाद’ या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. घरी विचारलं की मी विषय बदलतो.

गुलमर्ग सुमारे 2650 मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला सोडतो, दुसरा अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ 3950 मीटरवर. म्हणजे वरून खाली तेराशे मीटरची उतरण. युरोपात अवघड मार्गाला काळा रंग असतो, अमेरिकेत काळा हिरा. अफरवटवर असा रंग लावलेला, मशीन फिरवून दाबलेला मार्ग शोधू नका. गोंडोलाखालच्या मुख्य बोलवर, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट उतारावर, स्की पेट्रोलचं (सुरक्षेसाठी गस्त घालणाऱ्या पथकाचं) लक्ष असतं. त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला डोंगर मात्र ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर.

आपल्याकडून गेलेला माणूस उताराला घाबरतो. घाबरावंच. पण उताराचं एक बरं असतं, तो सकाळी 35 अंश असेल तर दुपारीही 35 अंशच असतो. त्याच्यावरचं तंत्र सरावाने येतं. भीतीने अंग डोंगराकडे झुकतं, आणि तिथेच स्कीच्या कडेची पकड जाते. छाती दरीकडे, हात पुढे, वजन खालच्या स्कीवर, आणि हातातला पोल (काठी) खाली टोचल्याशिवाय वळण सुरू करायचं नाही. हे सगळे इन्स्ट्रक्टर सांगतात, म्हणून लांबवत नाही. मला विचाराल तर दोन गोष्टी वेळ काढून घोटा, साइडस्लिप (स्की उताराला आडव्या ठेवून बाजूने घसरत उतरणं) आणि जंप टर्न (उडी मारून स्की हवेत वळवणं). साइडस्लिप दिसायला अगदीच बावळट असतो, व्हिडिओत कुणी घेत नाही, पण अडचणीतून खाली आणणारा तोच. आणि कडक उतारावर पडलात तर घसरत राहू नका. पाय खालच्या बाजूला आणा, स्की आडव्या करा, कडा रुतवा. वेग धरायच्या आधी हे झालं पाहिजे, नंतर होत नाही.

आता मुख्य गोष्ट. ही मी जरा जास्तच सांगणार आहे.

आपल्याकडे पाऊस उघडला की काळ्या रानात लगेच कुणी औत घालत नाही. ओल जास्त असली की माती फाळाला लगडते, वाळली की ढेकळं निघतात, मधे वाफशाचे मोजके दिवस मिळतात आणि त्यातच पेरणी उरकायची असते. मार्चच्या बर्फालाही असा वाफसा असतो, फक्त तो तासांत मोजावा लागतो. रात्री वरचा थर गोठतो. सकाळी आठ-नऊला तो इतका टणक असतो की स्कीची कड नुसती खरखरते. मग ऊन लागतं, वरचा इंचभर थर दाणेदार आणि मोकळा होतो. याला कॉर्न म्हणतात, आणि त्यावर तीव्र उतारसुद्धा सोपा वाटतो. ऊन चढत गेलं की पाणी खोल मुरतं, बूट घोट्यापर्यंत रुततो, स्की वळवायला गेलं की वळत नाही, धरून ठेवते. अंग पुढे जातं, स्की मागे राहते आणि मधे सापडतो गुडघा.

मला यानेच गाठलं. साडेदहाच्या सुमारास एका रेषेने उतरलो, इतकं चांगलं स्कीइंग त्याआधी कधी झालं नव्हतं. खाली कहवा, गप्पा, गोंडोलाची लांब रांग, वर पुन्हा फोटो. त्याच रेषेवर परत उभा राहिलो तेव्हा एक वाजून गेला होता. सोबतचा म्हणाला, “आत्ताच तर केलंय आपण हे.” तिसऱ्या वळणावर खालची स्की चिखलासारख्या बर्फात अडकली, बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग सुटलं नाही आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं. गावी आल्यावर कितीतरी दिवस एसटीची पायरी चढताना दांडा दोन्ही हातांनी धरावा लागला.

त्या रेषेची माझ्याकडे पक्की माहिती होती, पण ती तीन तासांपूर्वीची होती. म्हणून वर पोचलात की दर वेळी नव्याने बघा. काठावरच्या छोट्या, निरुपद्रवी उतारावर दोन वळणं घ्या. पोल उलटा करून दांडा बर्फात दाबा आणि कुठे अडतो, कुठे सुळकन जातो ते हाताला समजू द्या. उतार कुठे तोंड करून आहे तेही बघा. पूर्वेकडचा सकाळीच ऊन खातो, दक्षिणेकडचा जवळजवळ दिवसभर, पश्चिमेकडचा दुपारनंतर, आणि उत्तरेकडच्याला जानेवारीत ऊन फारसं मिळतच नाही. त्यामुळे एकाच दरीत एका भिंतीवर लोण्यासारखा आणि समोरच्या भिंतीवर ठणठणीत बर्फ मिळतो. उंचीनेही फरक पडतो. हजार मीटरला हवेत साधारण साडेसहा अंशांचा फरक येतो, म्हणजे वर उणे आठ असताना गुलमर्गच्या मैदानात पारा शून्याच्या आसपास असू शकतो. एकाच उतरणीत वर वाऱ्याने कडक केलेला, मधे भुसभुशीत आणि खाली ओला जड बर्फ, असे तीन प्रकार पायाखालून जातात. पाय थकतात तेव्हा सगळ्यात वाईट बर्फ लागतो, कारण तो खाली असतो.

आदल्या रात्री आभाळ होतं का, हेही विचारा. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आभाळाकडे सोडून देतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री तसं होत नाही. मग सकाळचा टणक थर बनतच नाही, आणि ओला बर्फ वरून सुटायची भीती सकाळपासूनच असते. परभणीकरांना हे समजावून सांगायला नको. डिसेंबरात आभाळ आलं की कृषी विद्यापीठातला पारा चढतो, आभाळ निवळलं की धाडकन उतरतो. मोबाइलवर उद्याचं ऊन सगळे बघतात, गेलेली रात्र कुणी बघत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत ऊन कमी छळतं, वारा जास्त. वारा कण फोडून बारीक करतो आणि आडोशाला घट्ट भरून ठेवतो. वर पापुद्रा तयार होतो. तो क्षणभर तुमचं वजन पेलतो आणि नेमका वळणाच्या मध्यावर फुटतो. अशा जागी शान दाखवायची नाही. आडवं जा, थांबा, किक टर्न (उभ्याउभ्या एकेक स्की उचलून उलट दिशेला फिरवणं) घ्या, परत आडवं जा. दोन्ही स्की उचलून जंप टर्न जमत असेल तर उत्तम. दहा मिनिटांची उतरण अर्ध्या तासात केली म्हणून कुणी कमी स्कीयर ठरत नाही.

हाच घट्ट भरलेला थर हिमस्खलनात सुटतो. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे आपल्याला ज्याची हौस नेमक्या त्याच उतारांवर. 2023 च्या फेब्रुवारीत अफरवटच्या हापतखुड भागात पोलंडचे दोन स्कीयर गेले, पुढच्याच वर्षी त्याच महिन्यात एक रशियन गेला. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, हिवाळ्यात बर्फ पाडणारी वादळी हवा) येऊन गेला, दोन फूट ताजा बर्फ पडला, आकाश निळंशार झालं की सगळ्यांना वर जायची घाई होते. नवा भार नुकताच पडलेला असतो, त्यामुळे पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सगळ्यात वाईट. पायाखाली ‘धप्’ असा पोकळ आवाज आला किंवा स्कीपासून भेग पळत गेली तर तो उतार सोडा. धोक्याच्या पातळ्या 1 ते 5 असतात आणि 3 हा आकडा मधला वाटतो म्हणून लोक निर्धास्त होतात. पातळी 3 म्हणजे एका माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो. बीकन (पुरलेल्याचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे पाहिजे आणि वापरता आलं पाहिजे. पुरलेल्या माणसाची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने कमी होते, तेवढ्या वेळात खालून कुणी पोचत नाही. सोबत्यांपैकी कुणाला बीकन शोधता येत नसेल तर त्याच्याबरोबर बोलच्या बाहेर जाऊ नका. वाईटपणा आला तरी चालेल.

एवढं वाचून जाणंच रद्द करू नका. गोंडोलाखालच्या बोलमध्ये, पेट्रोलने उघडा ठेवलेल्या दिवशी, योग्य वेळी उतरणं ही इंटरमिजिएट माणसाला झेपणारी गोष्ट आहे. मी फार धाडसी नाही, तरी मला झेपली. गुडघा बरा झाल्यावरही.

गुरूबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. ‘आठवड्यात एक्स्पर्ट’ म्हणून पॅकेज विकणाऱ्याकडे जाऊ नका. तो तुम्हाला वर नेतो, खाली ढकलतो आणि व्हिडिओ हातात देतो. गुलमर्ग-तंगमर्गच्या गावांतला, लहानपणापासून त्याच डोंगरावर वाढलेला माणूस शोधा. असा माणूस कमी बोलतो, पण “आज नहीं जनाब” म्हणाला तर हुज्जत घालू नका, त्या दिवसाचे पैसे मात्र द्या. कोर्ससाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची गुलमर्गची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था चांगली. तिथली शिस्त काहींना जाचते, मला ती आवडली.

तयारी इथंच करता येते. देवगिरी किल्ला चढून दमलात की खूश होऊ नका, उतरताना हळू उतरा, गुडघे वाकवून, मोजून. स्कीइंगमध्ये मांड्या याच कामाने थकतात. भाड्याच्या दुकानात बाइंडिंगची सेटिंग नजरेने लावतात. तिथे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि खरी पातळी स्वतः सांगा. ‘एक्स्पर्ट’ म्हणालात की स्प्रिंग कडक करतात, मग पडल्यावर स्की सुटत नाही.

आणि रजेचे दिवस जास्त घ्या. सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे विमान किंवा जम्मूमार्गे रस्ता, यातच बराच वेळ जातो. वर वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, तोही सलग. त्या दिवशी हॉटेलच्या बुखारीला (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीला) चिकटून बसू नका. कोंगदूरीच्या कडक उतारावर साइडस्लिप घोटा, किंवा वाटाड्याला घेऊन बाबा रेशी दर्ग्याच्या बाजूच्या झाडीतून उतरा. तिथे वारा कमी लागतो, झाडांमुळे नजर ठरते आणि बर्फही बऱ्याचदा वरच्यापेक्षा मऊ असतो.