मोठ्या मूळ संख्या शोधताना या चुका टाळा

गुप्त किल्लीसाठी १०२४ बिटांची मूळ संख्या मागितली आणि कोडनं तीनशेच्या वर अंक छापले, की काम झालं असं वाटतं. पण चुकीचा कोडही तेवढेच अंक छापतो. म्हणून या चुका लवकर लक्षात येत नाहीत.

सगळ्यात महाग पडते ती यादृच्छिक संख्येची चूक. पायथनचं रँडम मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर ही आकडे तयार करण्याची पद्धत वापरतं. त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे कुणाच्या हाती लागले, तर पुढचे सगळे आकडे सांगता येतात. सिम्युलेशनसाठी ते उत्तम आहे, पण गुप्त किल्लीसाठी सीक्रेट्स मॉड्यूलच घ्या. सीड (ज्या संख्येपासून यादृच्छिक आकडे तयार होतात ती) म्हणून घड्याळाची वेळ तर कधीच देऊ नका. डेबियन या लिनक्स प्रणालीत २००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीच्या कोडमधून एक ओळ काढली गेली आणि सीडमध्ये जवळजवळ फक्त प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रॅमला मिळणारा क्रमांक) उरला. एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता! २००८ पर्यंत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या आरएसए किल्ल्या (यात दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघड असतो, त्या दोन संख्या गुप्त) गोळा करून त्यांचा मसावि काढला, तेव्हा अनेक उपकरणांच्या किल्ल्यांत एकच मूळ संख्या सापडली. शाळेतला मसावि, आणि दोन्ही किल्ल्या उघड.

दुसरी चूक चाचणीची. नुसती फर्माची चाचणी (एखाद्या पायाचा n − १ वा घात काढून त्याला n ने भागल्यावर बाकी १ येते का, हे पाहणं) ५६१ ला मूळ ठरवते, कारण ५६१ शी सामाईक अवयव नसलेला कुठलाही पाया घेतला तरी ती पास होते. प्रत्यक्षात ५६१ म्हणजे ३ × ११ × १७. मिलर-राबिन ही जास्त कडक चाचणी वापरा. संयुक्त संख्या एका फेरीत निसटण्याची शक्यता फार तर एक चतुर्थांश असते, त्यामुळे यादृच्छिक पाये घेऊन ४० फेऱ्या पुरेशा होतात.

प्रोग्रॅम अडकला, तर आधी घातांकाची ओळ बघा. आधी घात काढून मग बाकी काढत असाल, तर मेमरी संपेल पण उत्तर येणार नाही. पॉव फंक्शनला तिसरा आर्ग्युमेंट द्या. वर्गमूळ फ्लोटमध्ये (दशांश संख्यांच्या प्रकारात) काढू नका, २ च्या ५३ व्या घातापुढे अंक गळतात. आणि थोडा धीर धरा: या आकाराच्या सरासरी ३५५ विषम संख्यांमागे एक मूळ असते.

आरएसएसाठी पहिली मूळ संख्या मिळाल्यावर तिच्या लगतचीच दुसरी घेऊ नका. गुणाकाराच्या वर्गमूळाजवळ शोधलं की दोन्ही लगेच सापडतात.

कोड वापरण्याआधी त्याला फर्माच्या चाचणीला फसवणाऱ्या ५६१, ११०५ आणि १७२९ या संख्या द्या. तिन्हींना ‘नाही’ आणि २¹²⁷ − १ ला ‘हो’ आलंच पाहिजे.