विश्वासू ख्रिस्ती जीवन: रोजच्या सवयी आणि त्या कुठे मोडतात

शास्त्रवाचनाचा, म्हणजे बायबल वाचण्याचा, निश्चय बहुतेकांचा एकाच ठिकाणी मोडतो: लेवीय या तिसऱ्या पुस्तकात. त्याआधीच्या उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय रोज तीनप्रमाणे महिन्याभरात होतात. निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापंही कशीबशी पार पडतात. मग अर्पणांचे नियम सुरू झाले की पुस्तक मिटतं. यात श्रद्धा कमी पडली असं समजू नये. नवख्यासाठी तो क्रमच अवघड आहे. सुरुवात मार्कपासून करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचं. चारही मिळून 89 अध्याय होतात, म्हणजे रोज एक वाचला तरी तीन महिन्यांत येशूचं बोलणं, रागावणं, थांबणं ओळखीचं होतं. लेवीयमधली वेदी त्यानंतर बरीच जास्त उमगते.

बायबलमधल्या स्तोत्रांसाठी तारखेचा हिशोब सोयीचा पडतो. आजची तारीख घ्या आणि तिच्यात 30-30 मिळवत जा. सात तारखेला 7, 37, 67, 97 आणि 127. अशी 150 स्तोत्रं 30 दिवसांत होतात. 29 तारखेला 119वं येतं, त्याची 176 वचनं आहेत. ते 31 तारखेसाठी राखून ठेवा. पाच जड जात असतील तर त्यांतलं एकच निवडा, पण मोठ्याने वाचा. आणि दुःखाची स्तोत्रं गाळू नका. 88वं तर अंधारातच संपतं, तरीही ती प्रार्थनाच आहे.

पूर्ण शास्त्र वर्षात वाचायचं असेल, तर 66 पुस्तकांच्या शास्त्रात 1189 अध्याय असतात: रोज तीन आणि रविवारी पाच. चुकलेले दिवस भरून काढायला जाऊ नका. तीन दिवस राहिले की चौथ्या दिवशी बारा अध्याय समोर येतात आणि पाचव्या दिवशी वाचनच बंद पडतं. आजचं वाचायचं, मागचं सोडून द्यायचं.

प्रार्थनेला पंधरा मिनिटं पुरतात, पण वेळ आणि जागा ठरलेली हवी. फोन दुसऱ्या खोलीत. काय बोलावं सुचत नसेल तर येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ एकेक ओळ थांबत म्हणा. तिच्यात आधी देवाचं नाव, राज्य आणि इच्छा येते. रोजची भाकर त्यानंतर. आपण नेमकं उलटं करतो आणि मागण्यांची यादी संपली की उठतो. पापकबुली मोघम नको. ‘मी पापी आहे’ म्हणणं सोपं असतं. ‘काल मी खोटा हिशोब दिला’ म्हणायला जड जातं, आणि सुधारायचं काय ते त्यातूनच कळतं. इतरांसाठीच्या प्रार्थनेला एक वही ठेवा: नाव, तारीख, नेमकी गरज. आठवड्याच्या वारांत नावं वाटून घ्या, रोज पाचपेक्षा जास्त नकोत.

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, बाबतीत एवढंच: उपासनेला नियमित जा आणि एखादं न दिसणारं काम अंगावर घ्या. खुर्च्या लावणं, आजाऱ्याला भेटणं, काहीही. नुसतं ऐकून घरी येणारा पहिल्याच नाराजीत मंडळी सोडतो.

पैशाबद्दल प्रेषित पौलाची सूचना अगदी व्यवहारी आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवा (1 करिंथ 16:2). महिन्याच्या शेवटी उरेल ते द्यायचं ठरवलं तर बहुधा काहीच उरत नाही. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देणं, आजही बंधनकारक आहे का, यावर ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. तो सुरुवातीचं माप म्हणून धरायला हरकत नाही. मात्र आईवडिलांचं औषधपाणी टाळून दिलेलं दान येशूला मान्य नव्हतं. मार्कच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’च्या (देवाला वाहिलेलं म्हणून जाहीर केलेल्या दानाच्या) निमित्ताने त्याने ते स्पष्ट सांगितलं आहे.

सगळ्यात जास्त टाळलं जातं ते समेटाचं काम. मत्तयच्या शुभवर्तमानात 5:23-24 म्हणतं, तुझ्याविरुद्ध कुणाच्या मनात काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी समेट कर. मत्तय 18:15 म्हणतं, दुसऱ्याने तुझा अपराध केला तर जाऊन एकांतात सांग. म्हणजे चूक कुणाचीही असो, पहिलं पाऊल आपणच उचलायचं. आधी एकट्याने जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीला सांगा. बहुतेक भांडणं पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर नेली जातात आणि तिथे चिघळतात. माफी मागताना ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द वापरू नका. काय केलं ते सांगा. नुकसान झालं असेल तर भरून द्या. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट परत करायची तयारी दाखवली होती.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर मात्र पीडित व्यक्तीने अपराध्याला एकांतात भेटू नये, आणि तसं करायला तिला कुणी भागही पाडू नये. आधी सुरक्षित जागा, मग विश्वासातली माणसं आणि पोलीस. मनाने क्षमा केली म्हणून तक्रार मागे घ्यावी लागत नाही.