पोस्टमनचे आभार मानायचे तर आधी पत्ता नीट लिहा

माझे बाबा पोस्टमन होते. संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसायचे आणि आज कुणाचा पत्ता लागला नाही ते सांगायचे. परत न्यावं लागलेलं पत्र त्यांना जेवतानाही आठवायचं. त्यामुळे पोस्टमनसाठी काय करावं असं कुणी विचारलं, की मी पत्त्यापासूनच सुरुवात करते.

पत्ता आपण वरून खाली लिहितो, पण टपालाची वर्गवारी करताना तो खालून वर वाचला जातो. आधी देश, मग शहर आणि पोस्टाचा कोड, मग रस्ता, घर. नाव सगळ्यात शेवटी. म्हणून खालच्या ओळी सर्वांत स्वच्छ हव्यात. कोडचे आकडे सुटे, गडद शाईने लिहा. १ आणि ७ मध्ये गोंधळ झाला, तर पत्र भलत्याच गावी फिरून येतं. पाठवणाऱ्याचा पत्ता घालाच. तो नसेल तर न पोचलेलं पत्र परत तरी कुठे पाठवायचं?

घराचा नंबर रस्त्यावरून दिसू द्या. पत्रपेटी वरचेवर रिकामी करा. सही लागणारं टपाल आलं की लगेच दार उघडा, कारण पुढची अख्खी बीट, म्हणजे पोस्टमनचा ठरलेला फेरा, बाकी असते.

आणि कुत्रा. दार उघडायच्या आधी त्याला बांधा. ‘आमचा चावत नाही’ असं कृपा करून म्हणू नका. बाबांच्या पोटरीवर दातांचा व्रण शेवटपर्यंत होता, आणि त्या घरातूनही हेच वाक्य ऐकू आलं होतं.

उन्हातून आलेल्याला पाणी विचारा, नावाने हाक मारा. पण सगळ्यात मोलाचं म्हणजे त्याच्या पोस्टमास्तरांना कौतुकाचं पत्र लिहा. तक्रारी लेखी जातात, कौतुक दारातच राहून जातं. निमित्त हवं असेल तर ९ ऑक्टोबर, जागतिक टपाल दिन. १८७४ साली याच दिवशी बर्नमध्ये झालेल्या करारातून आजची युनिव्हर्सल पोस्टल युनियन उभी राहिली. एका देशाचं तिकीट लावलेलं पत्र दुसऱ्या देशातला पोस्टमन दारात आणून देतो, ते त्याच व्यवस्थेमुळे.

बाबांच्या पेटीत असं कौतुकाचं एकच पत्र सापडलं, घड्यांवर विरलेलं. पावसात भिजलेला नेमणुकीचा कागद त्यांनी शर्टाच्या आत धरून पोचवला होता, त्याबद्दलचं. त्यात नेमकं काय घडलं ते होतं, तारीख होती, बीटचा उल्लेख होता. तुम्हीही तसंच लिहा, म्हणजे ते योग्य माणसाच्या हाती पडेल.