रंगवलेली बॉडी मोल्डिंग गाडीला घरी कशी लावावी

दाराची साइड मोल्डिंग किंवा चाकावरच्या कमानीची पट्टी गाडीच्या रंगात रंगवून आणली, की ती बसवायचं काम घरी नीट होतं. ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवतात. बसवलेली पट्टी पुढे सुटते तेव्हा दोष बहुधा टेपचा नसतो. टेप फक्त सगळ्यात वरच्या थराला धरते. तो थर वॅक्सचा, धुळीचा किंवा कच्च्या रंगाचा असेल, तर त्याच्यासकट पट्टी खाली येते. म्हणून यातला बहुतेक वेळ पुसण्यात आणि थांबण्यात जातो, आणि तो जाऊ द्यावा.

आधी रंग. बोटाला कोरडा लागला तरी त्यातला थिनर पुढे काही दिवस उडत राहतो. वास येत असेल तर पट्टी तशीच ठेवा. मग ती उलटी करून पाठ पाहा. कडेने मागे उडालेला रंग टेपच्या जागेवर असेल, तर तेवढाच बारीक पॉलिश पेपरने काढा. पाठीचं प्लास्टिक उघडं असेल तर तिथे टेपसाठी मिळणाऱ्या प्रायमरचा, म्हणजे टेपची पकड वाढवणाऱ्या द्रवाचा, पातळ हात द्या. मोल्डिंगच्या काही प्लास्टिकवर, विशेषतः पॉलिप्रॉपिलीनवर, टेप सहजी धरत नाही.

जुनी पट्टी काढायची असेल तर हेअर ड्रायरने गरम करून मागून मजबूत दोरा करवतीसारखा ओढा. पट्टीखाली स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंग उडतो. उरलेला गोंद चोळून काढा, पॅनल, म्हणजे पट्टी लागते तो गाडीचा पत्रा, शाम्पूने धुऊन कोरडं करा.

आता टेप न लावता पट्टी जागेवर धरून पाहा. पॅनलच्या एखाद्या सरळ रेघेपासून दोन्ही टोकांना आणि मध्ये अंतर मोजा, मास्किंग टेपची सरळ रेघ मारा. दोन पावलं मागे जाऊन पाहा, कारण जवळून तिरकेपणा कळत नाही. दार उघडून-मिटून पट्टीचं टोक शेजारच्या पॅनलला घासत नाही ना, हेही आत्ताच बघा.

अर्धं पाणी आणि अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पॅनल आणि पट्टीची पाठ पुसा. हात एकाच दिशेने फिरवा आणि ओल उडायच्या आत दुसऱ्या स्वच्छ कापडाने कोरडं करा, नाहीतर निघालेला तेलकटपणा तिथेच पुन्हा बसतो. थिनर वापरू नका. पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नका.

टेप अ‍ॅक्रिलिक फोमची, बाहेर वापरायची घ्या. हवा २० ते ३५ अंशांच्या दरम्यान असलेली बरी. १० अंशांखाली गोंद कडक होतो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावरही काम नको. टेप न ताणता पट्टीला लावा, कडेपासून थोडी आत.

चिकटवण्याची युक्ती अशी: टेपवरचा कागद दोन्ही टोकांना पाच-सहा सेंटिमीटर सोलून बाजूला दुमडा, म्हणजे त्याची शेपटी बाहेर दिसेल. पट्टी रेघेला लावून आधी टोकं हलकेच टेकवा. जागा बरोबर वाटली की शेपटी हळूहळू ओढत जा आणि मागोमाग पट्टी दाबत जा. शेवटी कापड ठेवून तळव्याने पूर्ण लांबीवर जोरात दाबा. ही टेप दाबानेच पकडते, त्यामुळे इथे हयगय नको.

पट्टीच्या पाठीला पॅनलच्या भोकांत बसणाऱ्या खुंट्या असतील तर त्यांच्या क्लिपा नव्या घ्या. जुनी भोकं नसतील तर नवी पाडू नका, उघड्या पत्र्याला गंज धरतो.

पकड वेळ घेते. साध्या तापमानाला २० मिनिटांत सुमारे निम्मी, २४ तासांत नव्वद टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. पहिला दिवस पट्टीवरून मास्किंग टेपचे आडवे पट्टे लावून ठेवा, तीन दिवस गाडी धुऊ नका. नंतरही प्रेशर वॉशरचा फवारा थेट पट्टीच्या कडेवर मारू नका. एखादं टोक उचललं तर सुपर ग्लू घालू नका, तो कडक होऊन तडकतो. तेवढी टेप काढून, पुसून नवी लावा.