सोलापुरात गाणं शिकायला येताय? आधी वर्गात तासभर बसा

१९९६ साली मी उमरग्याहून एसटीनं सोलापुरात उतरले तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी, एक बाजाची पेटी आणि बारावीची मार्कलिस्ट होती. आता संसार इथेच, शिकवणंही इथेच. जून जवळ आला की धाराशिव, लातूर, कलबुर्गीकडून फोन सुरू होतात. "मॅडम, मुलगी गाण्यातच पुढं जायचं म्हणतीय. कुठलं कॉलेज घ्यावं?" फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पदवी, विशारद आणि तालीम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी नीट समजून घ्या. पदवी विद्यापीठ देतं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ मध्ये मिळालं. आमच्या वेळी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. विशारद आणि अलंकार या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात टप्पे, अलंकार त्यापुढं. आणि तालीम गुरूसमोर बसूनच मिळते. "विशारद केलं की बी.ए. झाल्यासारखंच" असं कुणी म्हणालं, तर पुढं जिथं प्रवेश किंवा नोकरी हवी आहे तिथून ते लेखी घ्या. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते, (या दोन्ही प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा), त्यामुळं पदवी सोडून चालणार नाही. पण मैफलीत बसायचं असेल तर नुसत्या पदवीवर भागत नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत, वाद्यांची कपाटं, भिंतीवरचे फोटो यांत वेळ घालवू नका. परवानगी काढा आणि चालू वर्गात तासभर बसा. त्या तासात एकेक विद्यार्थी स्वतः किती मिनिटं गातो ते घड्याळ लावून मोजा. वीस मुलं एका सुरात स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, म्हणतायत आणि बाकीचा वेळ रागाची माहिती वहीत उतरवून घेण्यात जातोय, असं दिसलं तर तिथं शास्त्राचा पेपर चांगला जाईल, गळा तयार होणार नाही. सहा-सात मुलांचा वर्ग, प्रत्येकाला एकट्यानं गायला लावणारे शिक्षक आणि चुकलं तिथंच थांबवून पुन्हा म्हणवून घेणं, असं दिसलं तर गळकं छप्पर असलं तरी प्रवेश घ्या.

दुसरा प्रश्न विचारा: तबला कोण वाजवतं आणि आठवड्यातून किती दिवस? हे मी पोळलेय म्हणून सांगते. मी पहिल्यांदा प्रवेश घेतला तिथं वर्षभर इलेक्ट्रॉनिक तबल्यावर गायले. जिवंत तबला समोर आला तो थेट प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी. विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा ताल संथ लयीत, आणि राग यमन. यंत्रावर प्रत्येक मात्रा एकसारखी कानावर पडायची, इथं तबलजी मधल्या जागा भरत होते. मी आलाप करत राहिले आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कुठं उचलायचा तेच कळेना. दोनदा समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी पोचले, तिसऱ्यांदा सम निघून गेली. बाहेर येऊन जिन्यावर बसून रडले.

पुढं जे गुरुजी मिळाले ते गदगच्या बाजूचे, रागावले की कन्नडमधून बोलायचे. त्यांनी तीन महिने माझं गाणं बंद केलं. मांडीवर हातानं ताल धरायचा, ठेका ऐकायचा आणि दहाव्या मात्रेचं 'तिरकिट' हे तबल्याचे बोल आले की फक्त मान हलवायची. एकतालात तिरकिट दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. दुसरं ओळखता आलं की मुखड्यासाठी श्वास घ्यायला पुरेसा वेळ मिळतो. माणूस शेजारी बसून शिकवतो म्हणूनच हे कळतं, म्हणून कॉलेजात तबलजी नेमलेला आहे का हे फीच्या आधी विचारा.

मुलाची तयारी चांगली असेल तर सोलापूरलाच अडकून राहा असं मी म्हणणार नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहे, धारवाड आहे. पण अठराव्या वर्षी घर सोडून पुण्याचा खर्च पेलायचा, की इथं चांगल्या गुरूकडं तीन वर्षं पाया घालून मग एम.ए.ला जायचं, याचा विचार करा. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडं आहे. पुण्यातली मोठी मैफल ऐकायची असेल तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहेच.

आता राहण्याचं. खोली बघताना घरमालकांना पहिल्याच दिवशी सांगा की पहाटे पाचला खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज असतो. लपवून घेतलेली खोली महिन्याभरात सोडावी लागते. शहराच्या पूर्व भागात स्वस्त खोल्या मिळतात, पण यंत्रमागाच्या कारखान्याला भिंत लागून असेल तर घेऊ नका. त्या खटखटीच्या लयीत आपली लय बिघडते. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, तेव्हा आल्याबरोबर झाकणाचं पिंप घ्या.

तानपुरा सोबत आणणार असाल तर एप्रिल-मेच्या उन्हाची काळजी घ्या. पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत भोपळा तडकतो, खुंट्या सैल पडतात. जाड चादर गुंडाळून, आतल्या भिंतीशी, खिडकीपासून लांब ठेवा. जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारी गुंजणारी आस, बिघडली तर मिरजेला न्या, तिथल्या कारागिरांचा हात वेगळाच. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मुलीसाठी नवा घेताना तिची पट्टी, म्हणजे कुठल्या सुराला 'सा' धरून गायचं ते, गुरूंकडून पक्की करून घ्या. काळी एक या पट्टीचा तानपुरा पांढरी पाच या वरच्या पट्टीला ओढला की तारा तुटत राहतात.

शेवटचं एक करा. मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रांत होतात. प्रवेशाच्या आधी एका सत्रात इथं येऊन केंद्राबाहेरच्या बाकावर बसा. दाराआडून गाणं ऐकू येतं. जे मूल सम पकडून येतं, ते बाहेर आलं की विचारा, "कुणाकडं शिकतोस रे?" आणि ते नाव वहीत लिहून घ्या.